एकच बोर्ड, तीन बुडं (आणि नंतर चौथं) – शेडमधल्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

उद्या नारळी पौर्णिमा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा काकांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते, सगळ्या फायबरच्या होड्या दुरुस्तीला. आता सगळ्या पाण्यात गेल्या आणि शेड मोकळी. म्हणून हा उद्योग.

सुरुवात वादातून झाली. गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारा एक पोरगा आमच्याकडे बोर्डाची नोज, म्हणजे पुढचं टोक, तुटली म्हणून घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला, ह्याच्या खाली कॉन्केव्ह आहे म्हणून हा फास्ट आहे. कॉन्केव्ह म्हणजे बोर्डाचा तळ आतल्या बाजूला किंचित खोलगट, बशीसारखा. काकांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, एवढ्याशा खड्ड्याने काय होणार? पोरगा पेटला. मी मध्ये, दोघांचंही पटतंय आणि दोघांकडेही पुरावा नाही. इंटरनेटवर प्रत्येक जण छातीठोक सांगतो की सिंगल कॉन्केव्ह म्हणजे स्पीड, व्ही (होडीच्या बुडासारखा दोन्हीकडे उतार) म्हणजे वळायला सोपं, डबल कॉन्केव्ह (शेजारी शेजारी दोन खळगे) म्हणजे दोन्ही, पण सांगणाऱ्याने दोन बोर्ड घेतलेले असतात आणि त्यांची लांबी वेगळी, जाडी वेगळी, फिन (तळाला मागे लावायचे पंख) वेगळे, मग कशामुळे काय झालं हे कळणार कसं.

तर ठरलं ते असं. बाहेरून एकसारखे तीन बोर्ड. ६ फूट ८ इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड, साधारण ४२ लिटर. आपल्याकडच्या लाटांना एवढा फुगीर बोर्ड लागतोच, हवाईवाल्यांचं काटकुळं प्रकरण इथे नोव्हेंबरात घेऊन गेलात तर नुसतं बसून राहाल. फरक फक्त तळाचा.

२१ ऑगस्ट

रॉकरचा साचा केला. रॉकर म्हणजे बोर्ड बाजूने बघितला तर नोजपासून टेलपर्यंत, म्हणजे मागच्या टोकापर्यंत, केळ्यासारखा जो बाक दिसतो तो. आमचा नोजला ११४ मिमी, टेलला ५०. सहा मिमीच्या प्लायवूडचे दोन साचे कापून एकाला एक लावून घासले, म्हणजे दोन्हीकडे बाक एकच येणार.

जुन्या हीटरची कॉइल सरळ करून तार केली, बॅटरी चार्जरवर तापवली, आणि थर्मोकोलचा ठोकळा दोन साच्यांच्या मध्ये धरून लोण्यासारखा कापत गेलो. थर्मोकोल पॅकिंगवाला भुसभुशीत नाही घ्यायचा, घनमीटरला २५ किलोवाला मागवला. मधोमध ४ मिमी मरीन प्लायचा स्ट्रिंगर, म्हणजे बोर्डाचा कणा. तीन ठोकळे एका दिवसात झाले आणि मला वाटलं अरे हे तर सोपंय.

२५ ऑगस्ट

सोपं नाही.

आतेभाऊ सकाळी माझ्या आधी शेडमध्ये आला आणि मदत म्हणून त्याने होडीचं रेझिन काढून एका ठोकळ्यावर हात मारला. होडीचं रेझिन पॉलिएस्टर, त्यात स्टायरीन, आणि थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, स्टायरीन त्याला विरघळवून टाकतं. मी पोचलो तेव्हा बोर्डाच्या मध्ये घमेल्याएवढा खड्डा आणि तो अजून खाली खाली जातोय, आतेभाऊ शांतपणे बघत उभा. म्हणाला, कॉन्केव्ह झालं बघ तुझं.

वीस वर्षं फायबरच्या कामात असून हे आम्हाला कुणालाच आठवलं नाही, कारण होडीत थर्मोकोल कुठे असतो. पोरग्याचे तुटलेले बोर्ड पीयू (पॉलियुरेथेन) फोमचे असायचे, त्याला पॉलिएस्टर चालतं. तर आता इपॉक्सी, बिनस्टायरीनचं रेझिन. एक ठोकळा नवीन कापावा लागणार.

३ सप्टेंबर

इपॉक्सी आलं. दुकानदाराने स्लो हार्डनर दिला, पावसात ही वस्तू म्हणजे शिक्षा आहे. पहिला थर टाकून दुसऱ्या दिवशी बघतो तर वर मेणासारखा चिकट पापुद्रा. हवेतली ओल आणि हार्डनर यांचं मिळून ते बनतं, त्यावर तसाच दुसरा थर टाकला तर धरत नाही, आणि कोरडा पॉलिश पेपर मारला तर पेपरच चोंदतो. साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुतला की जातो. शेडमध्ये दोन हॅलोजन लावून ठेवलेत. आता गणपतीची चवथ झाल्याशिवाय कोण कामाला येणार नाही, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान आणायचंय, घर रंगवायचंय. तोवर बंद. तळ अजून कुठल्याच बोर्डाचा केलेला नाही, हे फक्त वरच्या बाजूचं काम.

१५ सप्टेंबर

आज खरं काम. तळ.

१ नंबर: पुढे सपाट, मागच्या तिसऱ्या भागात व्ही. म्हणजे मधली रेष तशीच ठेवून दोन्ही कडांकडे उतार, कडेला ४ मिमी. होडीच्या बुडासारखंच पण फार उथळ.

२ नंबर: सिंगल कॉन्केव्ह. नोजपासून एक हात सोडून सुरू, मधोमध सगळ्यात खोल ५ मिमी, टेलला पुन्हा शून्य.

३ नंबर: पुढे सिंगल कॉन्केव्ह ४ मिमी, मग फिनच्या जागी ते दोन नाल्यांत फुटतं, मध्ये हलका व्ही. आजकाल दुकानात मिळणारे बरेच बोर्ड याच जातीचे. डबल कॉन्केव्हचं नाव निघालं की कॅलिफोर्नियातले कँपबेल बंधू आठवावे लागतात, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बॉन्झर नावाचा बोर्ड काढला, मागे खोल दोन नाले आणि तीन फिन. आत्ता सगळीकडे जे तीन सारख्या फिनचं थ्रस्टर दिसतं ते नंतरचं, ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ साली ते स्पर्धेत जिंकून दाखवलं. आम्ही तिन्ही बोर्डांना थ्रस्टरचंच माप दिलं, मागचं फिन टेलपासून साडेतीन इंचांवर, पुढची दोन अकरा इंचांवर, आणि फिनचा सेट एकच, तोच काढून पुढच्या बोर्डाला लावायचा.

५ मिमी म्हणजे किती ते सांगतो, करंगळीच्या नखाची रुंदीसुद्धा जास्त भरेल. लोखंडी पट्टी आडवी ठेवून खाली मोबाइलची बॅटरी लावली की उजेडाची फट दिसते, तेवढंच. रंध्याने नाही जमत हे, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चिकटवून त्याने घासत घासत आणलं. काका दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, एवढं नाजूक काम होडीत केलं असतं तर गिऱ्हाइकाने डबल पैसे दिले असते.

२२ सप्टेंबर

तिन्हींना फायबरचं कापड चढलं. वजन केलं, मासे मोजायच्या काट्यावर: ३.६, ३.५ आणि ३.९ किलो. तिसऱ्यात रेझिन जास्त गेलं, तो मी एकट्याने केला म्हणून. हलक्या दोघांना जाळ्याचं शिसं टेपने वर मधोमध चिकटवलं, तिन्ही ३.९. दिसायला भयानक आहे.

मग काकांनी एक चूक काढली, फार मोठी. १ नंबरची टेलची कड त्यांनी बोटाने चाचपली आणि म्हणाले, ही गोल कशाला ठेवली? उदक सुटूंक जाय रे, पाणी सुटायला हवं, नाहीतर धरून बसेल. मी म्हटलं कापड तीक्ष्ण कडेवरून वळत नाही, बुडबुडे राहतात, म्हणून गोल करावीच लागते. ते म्हणाले वळू दे, पण नंतर कड बांधायची.

बरोबर आहे त्यांचं. नळाची बारीक धार सोडा आणि चमच्याची फुगीर बाजू तिला लावा, चमचा ढकलला जात नाही, उलट धारेकडे ओढला जातो. पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळतं आणि पृष्ठभागाला स्वतःकडे खेचतं. टेलची खालची कड गोल असेल तर तळावरून आलेलं पाणी तसंच वर वळून मागून टेल खाली ओढत राहतं, बोर्ड लंगर टाकल्यासारखा. कड धारदार असेल तर पाणी तिथेच तुटून सुटतं. स्पीडबोटीचा मागचा भाग सपाट, काटकोनात कापलेला असतो तो याचसाठी. म्हणजे मी तळातल्या ५ मिमीवर एवढा जीव टाकला आणि कडेचा गोलवा तिन्ही बोर्डांत वेगवेगळा राहिला होता, तो एकटाच सगळ्या निकालाची वाट लावायला पुरेसा होता.

टेप लावून बांध घातला, त्यात इपॉक्सी ओतलं, सुकल्यावर सपाट घासलं. शेवटच्या १४ इंचांत तिन्हींना सारखी धार. दोन रात्री गेल्या.

२९ सप्टेंबर

पहिल्यांदा पाण्यात. धोक्याचे लाल बावटे अजून काढलेले नव्हते सगळीकडे, त्यामुळे मांद्रेच्या बाजूला सकाळी सहाला, मतलई वारे असताना. पावसाळी उसळण उरलीय अजून, लाटा कमरेएवढ्या, मधेच एखादी छातीला. मी ८४ किलो आणि माझं सर्फिंग म्हणजे उभा राहिलो की फोटो काढा अशा दर्जाचं, म्हणून खरा चालवणारा पोरगा, ६२ किलो, रोज पाण्यात असतो.

आज काही मोजलं नाही, नुसतं बोर्ड तरंगतात का, फिन निघत नाहीत ना. दहानंतर खारे वारे सुटले आणि पाणी खडबडीत झालं, तेव्हा एक गोष्ट मात्र लगेच कळली, १ नंबर खडबडीत पाण्यावर मऊ चालतो आणि २ नंबर फटाफटा आपटतो. यात नवल नाही, काकांच्या होडीच्या नाळेखाली व्ही असतो तो त्यासाठीच, कापत जायला.

६ ऑक्टोबर

घड्याळातलं जीपीएस वापरून आकडे घेतोय. कमाल वेग बघायचा नाही असं ठरवलंय, सेकंदाला एकदा नोंद घेणारं घड्याळ एखाद्या उडीत काहीही दाखवतं. प्रत्येक लाटेतली सुरुवातीची दोन सेकंदं आणि शेवटची दोन सोडून मधली सरासरी. दर तीन लाटांनी बोर्ड बदल, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यांना सारखा.

पण त्याआधी रात्री कागदावर एक हिशेब केला आणि त्याने माझी झोप उडवली. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो, गुरुत्वाकर्षण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते. म्हणजे ०.८ मीटरची लाट मीटरभर पाण्यात फुटते आणि किनाऱ्याकडे सेकंदाला ३.१-३.२ मीटरने येते, तासाला साधारण ११ किलोमीटर. आता सर्फर सरळ किनाऱ्याकडे नाही जात, फुटणाऱ्या फेसाच्या पुढे पुढे तिरका जातो. फेस ४५ अंशांत सरकत असेल तर त्याच्या पुढे टिकायला साधारण १६ चा वेग लागतो. याहून कमी झाला तर फेस गिळतो, जास्त झाला तर तुम्ही लाटेच्या पुढे सपाट भागात जाता आणि बोर्ड मरतो, परत मागे वळावं लागतं.

म्हणजे सरासरी वेग बोर्ड ठरवतच नाही, लाट ठरवते! बोर्ड फक्त एवढं ठरवतो की तो १६ तुम्हाला फुकट मिळतो की पाय मारून मारून काढावा लागतो, आणि थोडा जास्तीचा वेग खिशात राहतो का वळायला. मग आम्ही मोजतोय काय? पोरग्याला हे सांगितलं, तो म्हणाला दादा, तुम्ही लाटेवर कमी आणि कागदावर जास्त असता.

तरी मोजणार. एक बदल केला, ज्या लाटा लवकर बंद पडतात त्या गाळायच्या नाहीत, मोजायच्या: फेसाने गिळलं का, हो की नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा

रंधा, पीव्हीसी पाइप आणि ग्राइंडर पूजेला बसले. काम बंद. सोनं म्हणून आतेभावाने मला थर्मोकोलचा तुकडा दिला.

१३ ऑक्टोबर

चार सकाळी मिळून प्रत्येक बोर्डाच्या २२ लाटा जमल्या. मधली सरासरी: १ नंबर १४.८, २ नंबर १५.९, ३ नंबर १५.६. पण एकाच बोर्डाच्या दोन लाटांत चार-चार किलोमीटरचा फरक आहे, त्यामुळे २ आणि ३ मधल्या ०.३ ला मी काहीही किंमत देत नाही. १ आणि २ मधला एकाचा फरक, तो बहुतेक खरा. गिळण्याचा हिशेब जास्त स्पष्ट आहे: १ नंबरला २२ पैकी ९ वेळा फेसाने पकडलं, २ नंबरला ४, ३ नंबरला ५.

व्ही हळू का? पाण्यावर घसरणारी कुठलीही वस्तू, होडी असो की बोर्ड, पाण्याला खाली ढकलते आणि त्या बदल्यात पाणी तिला वर उचलतं. बूड दोन्हीकडे उतरतं असेल तर थोडं पाणी बाजूला पळतं, तेवढी उचल वाया. अमेरिकेत सॅवित्स्कीने १९६४ साली वेगवान होड्यांच्या बुडाची गणितं मांडली त्यातही हेच आहे, उताराचा कोन वाढला की उचल कमी. उचल कमी म्हणजे बोर्ड खोल बसतो, जास्त ओला होतो, जास्त घासतो. कॉन्केव्ह उलटं करतं, बाजूला पळणाऱ्या पाण्याला अडवतं. लोक सांगतात की कॉन्केव्हमध्ये हवा अडकते आणि बोर्ड हवेवर चालतो, ते मला पटत नाही. ५ मिमीच्या खळग्यात पोरग्याच्या पायाखालची हवा किती वेळ थांबेल.

पण गंमत हाताळणीत आहे. मी त्याला वर आल्यावर लगेच बोलायला लावतो, मोबाइलवर रेकॉर्ड करून. १ नंबरबद्दल म्हणाला, "आरामखुर्चीसारखा आहे, नुसतं बघितलं त्या बाजूला की कलतो." बरोबर, व्हीचा बोर्ड मधल्या रेषेवर उभा असतो, एका बाजूवर पडायला त्याला निमित्तच हवं असतं. २ नंबरबद्दल, "हा दोन पायांवर उभा आहे, ढकलेपर्यंत ढिम्म, पण एकदा कडेवर गेला की पकडून ठेवतो, सुटत नाही." ३ नंबर त्याला सगळ्यात आवडला आणि का ते सांगता आलं नाही. मला विचाराल तर १ नंबर, कारण माझ्यासारख्याला जो बोर्ड विचारल्याशिवाय वळतो तो चांगला.

हो, आणि आंधळी चाचणी जमली नाही. शेपटीवरचे आकडे टेपने झाकले तरी पोरगा पाण्यात बसल्या बसल्या खालून हात फिरवून ओळखतो.

१७ ऑक्टोबर

आज मूर्खपणा कळला, स्वतःचाच.

शेडमध्ये २ नंबर उलटा ठेवला होता आणि मी सहज ॲल्युमिनियमची लांब पट्टी मधल्या रेषेवरून ठेवली. मग १ नंबरवर. बाक वेगळा! साचा एकच असताना. पाच मिनिटं वेड्यासारखा मोजत राहिलो आणि मग उजेड पडला: बोर्डाच्या मध्यात ५ मिमी खोदलं, नोज आणि टेलला शून्य, म्हणजे मधल्या रेषेवरचं केळं ५ मिमीने सरळ झालं ना. कडांवरचा बाक तसाच, कारण तिथे हातच लावला नाही. आणि १ नंबरमध्ये उलटं, तिथे मधली रेष तशीच आणि टेलजवळच्या कडा ४ मिमीने घासल्या, म्हणजे कडांचा बाक वाढला.

म्हणजे मी बढाई मारत होतो की फरक फक्त तळाचा, रॉकर एकच, आणि खरं तर प्रत्येक बोर्डाला दोन रॉकर आहेत, एक मधला, एक कडेचा, आणि तळाचा आकार बदलला की त्यातला एक आपोआप बदलतो. सरळ जाताना पाणी मधून जास्त जातं, मधला रॉकर सपाट तर बोर्ड पाणी कमी ढकलतो, वेग मिळतो. वळताना कड पाण्यात असते, तिथे बाक जास्त तर वळण लहान. मग २ नंबर फास्ट आहे तो खोलगटपणामुळे, की मधली रेष सपाट झाली म्हणून? माझ्या आकड्यांतून हे कळूच शकत नाही. दोन महिने.

काकांना सांगितलं. ते चहा पीत होते. म्हणाले, मग सपाट बाकाचा पण बिनखड्ड्याचा एक कर.

चौथा बोर्ड.

२७ ऑक्टोबर

चौथ्याचं सुकतंय तोवर वेगळा प्रयोग, शापोरा नदीत. कल्पना अशी की बोर्ड होडीच्या मागे बांधून ओढायचा, दोरीत मासे मोजायचा डिजिटल काटा, आणि सारख्या वेगाला कुठला बोर्ड किती किलोने ओढतो ते वाचायचं. पहिल्यांदा वर वाळूच्या गोण्या ठेवल्या. दहा सेकंदांत बोर्ड कलला आणि गोण्या नदीला अर्पण. मग पोरगा पोटावर झोपला.

९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन, काका चालवायला, वेग तासाला १२-१३ किलोमीटर. काटा १० ते १४ किलोच्या मध्ये असा नाचत होता की वाचणार काय. त्याने मान वर केली की दीड किलो वाढतं, पाय पाण्याला लागला की तीन. बोर्डांमधला फरक असलाच तर या गोंधळाखाली गाडला गेला. एकच उपयोगी गोष्ट: आठच्या वेगाच्या आसपास सगळेच बोर्ड नांगरासारखे पाणी फाडतात, आणि दहाच्या पुढे कधीतरी अचानक वर येऊन घसरायला लागतात, ती घडी मी होडीतून मागे वळून स्वच्छ बघितली. होडीवाल्यांना ही माहीतच असते. सर्फिंगमध्ये हा होडीचा विचार बॉब सिमन्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९४०च्या दशकात आणला, रुंद आणि सपाट बुडाचे बोर्ड करून. काकांना सांगितलं तर म्हणाले, बघ, होडीवाल्याकडूनच शिकले.

काठावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, मेलाय का तो? पोरगा तोवर थकून हलायचाच बंद झाला होता.

३१ ऑक्टोबर

काल रात्रभर नरकासुराचा पुतळा. पहाटे जाळला. उरलेला थर्मोकोल मुलांनी त्याच्या मुकुटाला नेला, मला न विचारता.

१० नोव्हेंबर

४ नंबर तयार. तळ पूर्ण सपाट, ना खळगा ना व्ही, आणि रॉकर कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे २ नंबरच्या मधल्या रेषेइतका, म्हणजे मूळ साच्यापेक्षा ५ मिमी सपाट. कड तीच, फिन तेच, शिसं लावून ३.९ किलो. या वेळी चिकट पापुद्रा नाही, हवा कोरडी झालीय.

१७ नोव्हेंबर

आश्वे आणि मांद्रेच्या मध्ये, फक्त २ आणि ४, आलटून पालटून. लाटा लहान झाल्यात, मांडीएवढ्या, स्वच्छ. मोरजीच्या बाजूला जायचं टाळतोय, आता ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला यायचे दिवस सुरू होतील आणि तिथे चार-चार बोर्ड घेऊन धिंगाणा नको.

११-११ लाटा. पोरगा पहिल्या लाटेनंतर ४ नंबरवरून ओरडला, "हा पळतो!"

२४ नोव्हेंबर

अजून ११-११. एकूण २२ लाटांची सरासरी, २ नंबर १५.२, ४ नंबर १५.३. लाटा लहान म्हणून दोन्ही आकडे ऑक्टोबरपेक्षा खाली. फेसाने गिळलं: २ नंबर ५, ४ नंबर ५. म्हणजे या लाटांवर, या माणसाखाली, वेगात काही फरक नाही. कॉन्केव्हच्या खात्यावर मी जो वेग लिहिला होता त्यातला बहुतेक सगळा सपाट रॉकरचा होता. पोरग्याला हे पचलं नाही, त्याने घड्याळ खराब आहे म्हणून सांगितलं. काकांना पचलं पण ते जिंकल्यासारखं हसायला लागले तेव्हा मी म्हटलं थांबा, पुढचं ऐका.

कारण वळताना दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ४ नंबर सरळ रेषेत गाडीसारखा आणि वळायचं म्हटलं की ट्रक. कडेलाही बाक कमी, त्यामुळे कड पाण्यात घातली तरी तो मोठा फेराच घेतो, लाट तोवर संपलेली. किनाऱ्याजवळच्या खड्या लाटेत उतरताना दोनदा नोज पाण्यात घुसली, दुसऱ्यांदा पोरगा बोर्डाच्या पुढे तीन हात उडाला. २ नंबर तेवढाच पळतो पण वळतो, कारण त्याच्या कडांना जुना, जास्तीचा बाक शिल्लक आहे. म्हणजे कॉन्केव्ह हे वेग देत नाही इतकं, ते वेगासाठी वळण विकावं लागत नाही एवढं करतं. मध्ये सपाट, कडेला वाकडं, एकाच बोर्डात. हे मी ऑक्टोबरात पट्टी ठेवली नसती तर जन्मात कळलं नसतं, आणि तेही चुकून ठेवली.

३ नंबर आवडतो पण का ते सांगता येत नाही असं तो म्हणायचा, तेही आता कळतं असं वाटतंय: पुढे मध्ये सपाट म्हणून पळतो, मागे फिनजवळ व्ही म्हणून कलतो. त्याचे दोन नाले काय करतात ते मात्र मी सांगू शकत नाही, त्यासाठी नाल्याशिवाय नुसता व्ही असलेला पाचवा करावा लागेल.

काका म्हणाले, पाचवा नाही.

१ डिसेंबर

समुद्र तलावासारखा झालाय, घोट्याएवढी लाट. तिन्ही बोर्ड वर आढ्याला टांगले. ४ नंबर पोरग्याने नेला, नवशिक्या पर्यटकांना शिकवायला, त्यांना सरळच जायचं असतं आणि सपाट बोर्ड त्यांच्या पायाखाली कमी डुलतो. पैसे हंगाम संपल्यावर देतो म्हणालाय. शिसं काढून घेतलं मी, ते जाळ्याचं होतं आणि ज्याचं होतं तो विचारत होता.

आतेभाऊ आज हीटरची तार शोधत होता. कशाला म्हणून विचारलं तर, नुसता व्ही कापून बघतो म्हणाला, काकांना सांगू नको.